पाच वाजताचे मजूर



आज सामान्य काळातील पंचविसावा रविवार. आजच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय २०:१-१६) नाशिककरांना फोड करून सांगावा लागत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बागांत गोडी छाटणीचे दिवस तोंडावर आले आहेत. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरतील, मुकादम भाव ठरवतील, आणि पुढचे काही महिने छाटणी, पेस्ट, विरळणी असे एकामागून एक काम निघत राहील. शहरातही सकाळच्या मिस्साला येताना नाक्यावर डबा घेऊन उभी असलेली माणसे आपण पाहतो. नऊ-साडेनऊनंतर जो तेथे उरतो त्याचा चेहरा ज्याने एकदा पाहिला, त्याला हा दाखला अर्धा समजलाच.

दाखल्यातला मालक जरा वेगळाच आहे. त्याच्या पदरी कारभारी आहे, तरी मजूर आणायला तो स्वतः जातो, आणि तेही पाच वेळा. पहाटे, नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असताना पाचला. तेव्हाही काही माणसे उभीच असतात. का उभे आहात, असे तो विचारतो. कोणी बोलावलेच नाही, एवढेच त्यांचे उत्तर. आळशी माणूस दुपारीच घरी निघून जातो. पाच वाजेपर्यंत उभा राहतो तो गरजवंत. संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर एकेक दीनार पडतो. दीनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकरी. तासभर राबलेल्याच्या घरीही लेकरांना भूक पूर्ण दिवसाची लागते, हे त्या मालकाने ध्यानात घेतले.

उशिरा पश्चात्ताप करून देवाकडे वळणाऱ्यांविषयी या दाखल्यावरून आपण बरेच ऐकले आहे. तो अर्थ खराच आहे. आज मात्र आम्ही आपले लक्ष अगदी शब्दशः उशिरा नाक्यावर आलेल्या एका मजुराकडे वेधू इच्छितो. दिव्यांग मुलाला वाढवणारी, त्यासाठी नोकरी सोडलेली, आणि आता पुन्हा पगाराचे काम शोधणारी आई. आपल्या शेजारच्या बाकावर ती बसते. याच महिन्यात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या अशा आया अनेकांनी पाहिल्या असतील.

समजा, लग्नाआधी ती अंबडच्या एका कारखान्यात हिशेब पाहत होती. पहिला मुलगा झाला. दोन वर्षांचा झाला तरी तो हाकेला बघेना, बोलेना. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, स्वमग्नता असे निदान झाले. त्या दिवसापासून तिचे दिवस वाचा-उपचार, फिजिओथेरपी, विशेष शाळेची गाडी, औषधाच्या वेळा आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयातील खेपा यांत वाटले गेले. नोकरी कोणी सोडायची, यावर घरात चर्चा सुद्धा झाली नाही. ते गृहीतच होते.

मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा अकरा ते चार हा वेळ तिला मिळाला. शाळेत मदतनीस कमी, म्हणून ती वर्गात बसू लागली. आपल्या मुलाबरोबर आणखी चार मुलांना घास भरवू लागली. नव्याने निदान झालेल्या मुलांच्या आयांना कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते सांगू लागली. इकडे चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग तिच्याकडे आला. सणाच्या स्टॉलचा हिशेब तिच्याकडे आला, कारण तिला हिशेब येतो आणि ‘ती घरीच असते’. अशी बारा वर्षे गेली. आता धाकटीच्या महाविद्यालयाची फी आहे, नवऱ्याच्या कंपनीत कामगारकपात झाली आहे. काही घरांत तर नवराच उरलेला नाही. मुलाचे निदान ऐकून निघून गेलेले बापही या जगात आहेत. ती मुलाखतीला जाते. समोरचा कागद चाळतो आणि विचारतो, मधली बारा वर्षे काय केले? ती म्हणते, ‘घरीच होते.’

बंधु-भगिनींनो, हे दोन शब्द तिने कोठून उचलले? आपल्याच तोंडून ऐकून ना?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ८८, असे तीत दिसले. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांची १४० मिनिटे, पुरुषांची ७४. ही सगळ्या घरांची मिळून सरासरी झाली. रात्री दोनदा उठून झटके येणाऱ्या मुलाला कुशीवर वळवणाऱ्या आईची मिनिटे यात कितीशी मावणार? त्याआधी, ५ जानेवारी २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात गृहिणीच्या कामाला पैशातही मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरलेच पाहिजे, असा निर्वाळा दिला. निकाल चांगलाच आहे. वाईट एवढेच वाटते की हा हिशेब मांडला जातो तो ती गेल्यावर.

नोकरी टिकवून ठेवू पाहणाऱ्या आईचे काय होते, तेही एका प्रकरणाने दाखवून दिले. हिमाचल प्रदेशातील सरकारी महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या मुलाला जन्मतः हाडे ठिसूळ असण्याचा आजार. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया. तिच्या सगळ्या रजा संपल्या. केंद्र सरकारच्या नोकरीतील स्त्रियांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. तिच्या राज्याने तो नियम घेतला नव्हता. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने बजावले की स्त्रियांना नोकरीत टिकून राहता येणे ही मेहेरबानी नव्हे, तो घटनेने दिलेला हक्क आहे. पण ही झाली सरकारी नोकरीतली गोष्ट. सातपूरच्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये, दुकानाच्या काउंटरवर, खाजगी शिकवणीत काम करणाऱ्या आईला ७३० दिवस राहोत, सात दिवसही मागताना धाप लागते.

पवित्र ग्रंथ या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळा आहे. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील कर्तबगार स्त्री शेत पाहून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. तिच्या कमाईमुळे घराची अब्रू गेली, असे कोणी म्हणत नाही. आणि आजारी मुलांचे आईबाप प्रभूला ठिकठिकाणी भेटतात. कनानी स्त्री मुलीसाठी रस्त्यात ओरडते; शिष्यांना तिचा त्रास होतो, तिला घालवून द्या असे ते सुचवतात. ती हटत नाही, वाद घालते, आणि प्रभू तिच्या श्रद्धेची वाखाणणी करतो. मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप झटके येणाऱ्या मुलाला घेऊन येतो. हे याला केव्हापासून होते, असे प्रभू त्याला विचारतो. आम्हांला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. चमत्कार करणाऱ्याला ही माहिती हवी कशाला? पण त्या बापाला तोवर हे कोणी विचारले नसावे. लहानपणापासून, असे तो सांगतो, आणि त्या एका शब्दात आग, पाणी, जागरणे सगळे येते.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली मार्टिन या दांपत्याला एकत्र संतपद बहाल केले. लिझ्यूच्या संत तेरेजाचे हे आईवडील. फुले उधळणारी तेरेजा आपल्या ओळखीची. तिच्या आईच्या हातातली सुई आपण विसरतो. झेली फ्रान्समधील आलाँसाँ गावात लेस विणण्याचा व्यवसाय करीत असे. हाताखाली बायका होत्या, मागण्या वेळेवर पुऱ्या कराव्या लागत. नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. लेओनी ही मुलगी सतत आजारी, अंगावर इसब, शाळेतून परत पाठवलेली, वागायला अवघड. अलीकडच्या शब्दांत तिला विशेष मूल म्हटले गेले असते. झेलीचा जीव तिच्यात अडकलेला असे. या घरात लुईने काय केले, इकडे पुरुष मंडळींनी कान द्यावा. लुईचे स्वतःचे घड्याळाचे दुकान होते. १८७० मध्ये त्याने ते विकले आणि बायकोच्या लेसच्या धंद्यात हिशेबाला, विक्रीला, प्रवासाला हातभार लावू लागला. बायकोचा धंदा चालावा म्हणून नवऱ्याने दुकान विकले, आणि ख्रिस्तसभेने दोघांनाही वेदीवर मान दिला. दीडशे वर्षे होऊन गेली त्याला. लेओनी पुढे, अनेक प्रयत्न फसल्यानंतर, धर्मभगिनी झाली आणि १९४१ साली वारली. २०१५ मध्ये तिच्याही संतपदाची प्रक्रिया सुरू झाली.

फ्रान्स दूर वाटत असेल तर आपले नाशिक पाहू. शिक्षिका आणि बालकवयित्री असलेल्या रजनी लिमये यांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग होता. १९७७ मध्ये त्यांनी अशा मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. स्वतःच्या लेकरासाठी धडपडताना त्यांना इतरांची लेकरे दिसली, आणि शाळेपाठोपाठ मोठ्या मुलांच्या हाताला काम देणारी कार्यशाळाही आली. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या. आजच्या दाखल्यातला मालक मजुरांना जात-धर्म विचारीत नाही. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. घरात मिळालेले शिक्षण बाहेर किती कामाला येते, याचा याहून जवळचा पुरावा कोठे शोधायचा? प्रत्येक आईने संस्था काढावी असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. असली उदाहरणे दाखवून थकलेल्या बाईला आणखी दमवण्याची आपल्याकडे खोड आहे.

दुसरी खोड अशी की तिला संत करून टाकायचे. ‘देवाने खास तुलाच निवडले’, ‘तुझा क्रूस मोठा’. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मूल हे मूल आहे, त्याला क्रूस म्हणू नये. ते ऐकत असते. आणि संताला पगार लागत नाही, अशी एक सोयीची समजूत त्यात दडलेली असते.

येथे धर्मग्राम म्हणून आपल्या सोयीचा प्रश्न येतो. धर्मशिक्षण, वेदीची सजावट, आजाऱ्यांच्या भेटी, बाळ येशूच्या यात्रेच्या वेळची धावपळ, हे सारे कोणाच्या बळावर चालते? बरेचसे अशाच स्त्रियांच्या, ज्यांना पगार मिळत नाही. ती नोकरीला लागली की आपली एक बिनपगारी कार्यकर्ती कमी होते. मग कुरकुर सुरू होते. आता चर्चसाठी वेळ नाही का? पैशाच्या मागे लागली का? दाखल्यातील पहाटेच्या मजुरांनीही अशीच कुरकुर केली होती, आणि त्यांना मालकाचे उत्तर मिळाले.

संत पौल याबाबत अगदी स्पष्ट आहे. करिंथकरांना लिहिताना (१ करिंथ ९) तो आधी पुरता एक अध्यायभर वाद घालतो की सुवार्तेचे काम करणाऱ्याला त्यावर पोट भरण्याचा हक्क आहे. तो सिद्ध झाल्यावर सांगतो की हा हक्क मी स्वतः वापरला नाही. तो तंबू शिवीत असे. करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तिघे हाच व्यवसाय करीत. आधी हक्क, मग त्याग, हा क्रम पाहा. ज्याच्या हाती हक्क आहे त्यालाच तो सोडता येतो. सेवा हे दान आहे, आणि दुसऱ्याच्या वतीने परस्पर दान करता येत नाही. ती आपण होऊन बारा वर्षे देत आली, याबद्दल देवाचे आभार. तेरावे वर्ष आपण तिच्याकडे मागू लागलो तर ते दान राहत नाही, ती वेठ होते.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये मानवी श्रमांवर परिपत्रक लिहिले. आईच्या कष्टांना समाजाने मान द्यावा, तिला मुलांना वेळ देता यावा, त्यासाठी घरातील एकाचे वेतन पुरेसे असावे किंवा आईला मदत मिळावी, असे त्यात त्यांनी मांडले. आणि स्त्रीने काम करावयाचे ठरवले तर कामाची घडी अशी असावी की त्यासाठी तिला आपले आईपण बाजूला ठेवावे लागू नये, असेही. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आहेत. आपण मात्र पहिलीच तेवढी वाचतो. ज्या आईला घरी राहून मुलाचे करावयाचे आहे, किंवा ज्या मुलाची अवस्थाच अशी आहे की दुसरा इलाज नाही, तिच्यावरही कोणी बोट दाखवू नये, हे वेगळे सांगायला नको.

मग आपण काय करू शकतो? सर्वांत सोपे काम चर्चच्या कार्यालयात होऊ शकते. आपल्याकडून दिल्या जाणाऱ्या दाखल्यात माणूस सुशील व सुस्वभावी आहे एवढेच असते. त्यावर कोणी पगार देत नाही. त्याऐवजी काय काम केले ते लिहावे. अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत दर रविवारी इतक्या मुलांचा वर्ग घेतला, यात्रेच्या स्टॉलचा जमाखर्च ठेवला, तो तपासणीत बरोबर निघाला, इतक्या पालकांना प्रमाणपत्रे मिळवून देण्यास मदत केली. जे खरे आहे तेवढेच, पण पूर्ण. मुलाखतीत ‘घरीच होते’ ऐवजी पुढे करायला तिच्या हाती एक कागद असेल. विशेष शाळेत जिने मदत केली आहे तिनेही मुख्याध्यापकांकडून असे पत्र मागून घ्यावे, लाजू नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. कितीही वर्षे वर्गात बसून मदत केली तरी विशेष शिक्षिका म्हणून नेमणूक होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. ज्यांना त्या वाटेने जायचे आहे त्यांनी चौकशी लवकर करावी. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले त्यांच्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच शहरालगत आहे. त्याचबरोबर मुलाचे कागदही मार्गी लावावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे धरली आहेत. जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेखही त्यात आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घेता येते. आमच्या मागे याचे कोण, हा प्रश्न रात्री दोन वाजता छातीवर बसतो. कागदाने तो सुटत नाही, थोडा हलका होतो.

आपल्यातील ज्यांच्या हाती माणसे नेमणे आहे, कोणाचे दुकान, कोणाचे वर्कशॉप, कोणी शाळेच्या समितीवर, त्यांना आमची विनंती की आजचा मालक व्हावे. तो नाक्यावर स्वतः गेला, आणि पाच वाजताही गेला. अकरा ते चार एवढ्याच वेळेचे काम काढता येईल का? फी-वसुली, पत्रव्यवहार, दूरध्वनी, हिशेब, अशी किती तरी कामे अर्ध्या दिवसाची असतात. दया म्हणून नको. ज्या बाईने बारा वर्षे एकही औषधाची वेळ चुकवली नाही, तिच्याइतकी वक्तशीर व्यक्ती आपल्याला सहज मिळणार नाही.

आणि राहिला वेळेचा प्रश्न. शाळा चारला सुटते, नोकरी सहाला. मधले दोन तास मुलाने कोणापाशी राहायचे? पगार येथेच अडतो. निवृत्त झालेली जोडपी आपल्यात पुष्कळ आहेत. दोन-तीन कुटुंबांनी वार वाटून घेतले तर एका आईची नोकरी टिकते. मात्र आपणहून गेलो आणि बसलो, असे चालत नाही. आधी तिच्याबरोबर आठ-दहा वेळा बसावे, मूल काय खाते, कशाला घाबरते, झटका आला तर काय करायचे, ते शिकून घ्यावे. मुलाला आपली सवय होऊ द्यावी. ओळख व्हायला मिस्सा ही चांगली जागा आहे. तो मध्येच ओरडला तर मागे वळून पाहू नये, एवढे शिकायला अभ्यासक्रम लागत नाही.

मिस्सानंतर चर्चच्या मागील दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना दुपारचे दोन तास देता येतील त्यांनी नावासमोर वारही लिहावा. ‘कधीही सांगा’ असे लिहू नये, कारण त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. ज्या आयांना वर लिहिलेले पत्र हवे आहे त्यांनी केलेल्या कामाची वर्षे आठवून कार्यालयात यावे. आणि धर्मशिक्षणाच्या दोन वर्गांना नव्या शिक्षकांची गरज पडणार आहे. त्यासाठी या वेळी वडिलांनी पुढे यावे.